वेगळे झाल्याची तारीख

घर माझ्या नावावर आहे आणि त्यात मी राहते. फ्लोरिडात या दोन गोष्टी असल्या की माणूस बऱ्यापैकी निर्धास्त असतो. घरपट्टीत सूट मिळते. घराचे भाव कितीही चढले तरी पट्टीसाठी धरलेली किंमत वर्षाला तीन टक्क्यांच्या वर वाढत नाही. आणि बाहेर कुणाचं कितीही देणं असलं तरी ते घर विकून कुणाला वसूल करता येत नाही. अट एवढीच की तिथे राहायचं. कुलूप लावून दुसरीकडे राहिलं, भाड्याने दिलं, की सगळं गेलं.

मी अकरा वर्षं राहिले.

घर सिल्वी मावशीचं होतं. सिमेंटच्या ठोकळ्यांचं, दोन खोल्यांचं, मागे तळं. तिला मूल नव्हतं, ती जाताना घर माझ्या नावावर करून गेली. तेव्हा वेस आणि मी मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला राहत होतो. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासायची. वेसचं बोटींची इंजिनं विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानासाठी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा वेससोबत मीही सही केली होती. तीन हिवाळे ओळीने बर्फ कमी पडलं, हिवाळ्यातल्या बर्फगाड्यांचा धंदा बसला, आणि त्याच्यामागे दुकान बसलं.

वकील म्हणाला होता, "कायदा डोक्यावरचं छप्पर वाचवतो. त्या छपराखाली डोकंच नसेल तर त्याला काय वाचवायचंय? तुमच्यापैकी एकाने तिथे जाऊन राहा. आजच्या आज जा म्हणत नाही, पण बँक कोर्टात जायच्या आत."

वेसची आई, हेल्मी, चौऱ्याऐंशी वर्षांची होती. ती आपली सौना सोडून कुठे जायला तयार नव्हती. दर शनिवारी सौनात लाकडं पेटवून घाम काढायचा आणि मग वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून खायचा, हे तिने जन्मभर केलं होतं. तिला एकटं टाकणं शक्य नव्हतं. म्हणून मी गेले आणि वेस राहिला. दोन हिवाळे, असं आम्ही ठरवलं होतं. २००३चा नोव्हेंबर होता.

पुढच्या वसंतात बँकेने दुकान, दुकानाचा ट्रक आणि मोठी बोट नेली. हे घर राहिलं. मला इथल्या इस्पितळात तेच काम मिळालं. दर जानेवारीत काउंटीच्या पट्टी कार्यालयाकडून एक कार्ड यायचं: आपण अजून याच घरात राहत असाल तर काही करण्याची गरज नाही. मी काही करायची नाही. वेस दर रविवारी फोन करायचा. पहिली काही वर्षं ख्रिसमसला यायचा, आठ-दहा दिवस राहायचा, पन्हळी साफ करून जायचा. मग हेल्मीच्याने एकटं राहवेना, तेव्हा तेही थांबलं. २०१०च्या मार्चमध्ये ती गेली. मी अंत्यविधीला गेले, चार रात्री राहिले आणि परत आले.

नंतर वेस म्हणाला, आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करून ते विकायला हवं. मी हो म्हटलं. त्या छपराचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

यंदाच्या जानेवारीत कार्डाऐवजी जाड पाकीट आलं.

मी ते दोनदा वाचलं. दोन राज्यांच्या याद्या संगणकाने एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. आर्लीन कांगास हिने फ्लोरिडात राहत्या घराची सवलत घेतली होती. तिचा पती वेस्ली कांगास याने त्याच वर्षांत मिशिगनमध्ये राहत्या घराची सवलत घेतली होती. पती-पत्नी म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला राहतं घर एकच. सबब गेल्या दहा वर्षांची वाचलेली पट्टी, तिच्या निम्मा दंड आणि वर्षाला पंधरा टक्के व्याज. एकतीस हजार आठशे चाळीस डॉलर. तीस दिवसांत भरले नाहीत तर घरावर बोजा चढेल.

बाकी कुठल्याही देण्यापासून हे घर सुरक्षित होतं. पट्टीपासून नव्हतं.

मी बेरीज तपासली. बरोबर होती.

वेसचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते घर त्याच्या आणि हेल्मीच्या नावावर होतं आणि तो तिथे राहत होता. तिकडे ही सवलत घराला धुराड्यासारखी चिकटलेली असते, कुणी वर बघत नाही. मी इकडे राहत होते. आमच्याकडून खाली येणारी निम्मी जोडपी हेच करतात.

काउंटीच्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर मिसेस गॅड्सडेन बसतात. माझ्याच वयाच्या असतील. खुर्चीवर स्वेटर टाकलेला, कारण इथली कार्यालयं उन्हाळ्यातही शीतगृहासारखी असतात. त्यांनी माझी फाइल उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात.

"मिस आर्लीन, तुम्ही बसा बरं आधी. उभ्याने ऐकण्यातलं नाहीये हे."

मी बसले.

"तुम्ही काही लपवलेलं नाही, हे मला दिसतंय. पहिल्याच अर्जात नवऱ्याचं नाव आणि सरकारी ओळख-नंबर स्वच्छ अक्षरात लिहिलाय. लबाड माणूस इतकं सुंदर लिहीत नाही. पण नियम तो नियम. आता दोन रस्ते आहेत. एक, पैसे भरा."

"दुसरा?"

"दुसरा म्हणजे तुम्ही दोघं एक कुटुंब नव्हताच, असं दाखवा. लग्न राहू दे, लग्नाशी आम्हाला घेणं नाही. पण दोन चुली, दोन संसार. स्वतंत्र कुटुंबं. मग दोघांनाही आपापली सवलत मिळते." त्यांनी एक कागद पुढे ओढला. "मी विचारते, तुम्ही सांगा. बँकेची खाती?"

"वेगवेगळी. दुकान बुडालं तेव्हा वकिलाने वेगळी करायला सांगितली."

"आयकर?"

"वेगवेगळा."

"एकमेकांना पैसे पाठवता?"

"नाही. वाढदिवसाला वीस डॉलर."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "वीस डॉलर मी लिहीत नाही. शेवटचे एका छपराखाली कधी झोपलात?"

"२०१०, मार्च. अठरा ते बावीस. चार रात्री."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग तुमचं काम अगदी सोपं आहे, मिस आर्लीन," त्या हळू म्हणाल्या. "माझ्याकडे लोक येतात, खोटं दाखवायला धडपडतात. तुम्हाला काहीच दाखवावं लागणार नाही."

दोन शपथपत्रं हवी होती, एक माझं आणि एक वेसचं, दोन्ही नोटरीसमोर. मजकूर छापलेलाच होता. भरायची जागा एकच: *आम्ही या तारखेपासून स्वतंत्र कुटुंबं म्हणून राहत आहोत.* पुढे रेघ.

"दोघांची तारीख एकच हवी," मिसेस गॅड्सडेन म्हणाल्या. "आणि मी काही सुचवत नाही, पण सांगणं माझं काम आहे. तुम्ही इथे आलात त्या नोव्हेंबरची तारीख पडली तर सगळी रक्कम माफ. त्यानंतरची जी काही पडेल, तिच्या आधीची वर्षं तुम्ही एक कुटुंब होतात असं धरलं जाईल. त्या वर्षांची पट्टी द्यावी लागेल, दंडासकट."

घरी आले तर शेजारची नेडीन पोझी कुंपणापाशी नळी धरून उभी होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा, सहा वर्षांपूर्वी गेला. तिला सगळं सांगावं लागतं, नाहीतर ती त्याहून वाईट काहीतरी समजून बसते.

"अगं, मग कर की सही," ती म्हणाली. "मी तर अकरा वर्षांत त्या माणसाची सावली चारदा पाहिली असेल. खरं सांग, आहे तरी का तो? की फोटोफ्रेमबरोबर आलेला फोटो आहे?"

"पन्हळी त्याने साफ केल्या होत्या."

"पन्हळी! एकतीस हजारांत तुला सोन्याच्या पन्हळी येतील. कागद आहे तो, आर्लीन. कागदावर लिहिल्याने काय होतं?"

"शपथेवर लिहायचंय."

"मग काय खोटं आहे त्यात?"

तिने नळी झेंडूच्या वाफ्याकडे वळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या हॅरोल्डला तर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात यायला दोन तास लागायचे. मी त्याला स्वतंत्र कुटुंब म्हणायला हवं होतं."

महिन्यातून एकदा मी तळ्याचं पाणी किती नितळ आहे त्याचं माप घेते. विद्यापीठाला आकडे पाठवणारे माझ्यासारखे बरेच आहेत. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, तीन बाटल्या भरायच्या आणि वहीत नोंद करायची. त्या आठवड्यात मी माप दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायचं काही कारण नव्हतं.

रविवारी चार वाजता वेसचा फोन आला.

"काय म्हणतेस?"

"बरी आहे. तिकडे?"

"अडीच फूट बर्फ. खिडकीच्या खालच्या काठापर्यंत. घर तापवायच्या भट्टीचा पंखा बदलला. शेजारच्या टॉर्स्टीचा कुत्रा मेला."

"कोणता?"

"एका डोळ्याचा."

मी त्याला पत्राबद्दल सांगितलं. रक्कम सांगितली, दोन्ही रस्ते सांगितले, शपथपत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. तो ऐकत होता. वेस ऐकतो तेव्हा नाकाने श्वास घेतो, ते फोनवर कळतं.

"माझी इकडची सवलत सोडून देतो मी," तो म्हणाला. "चूक झाली म्हणून लिहून देतो."

"त्याने पुढचं सुटेल. मागची दहा वर्षं सुटत नाहीत."

"मग सही करून टाकू. उद्याच करतो. बँकेतली लोइस नोटरी आहे, ती पैसेही घेत नाही."

इतक्या पटकन म्हणाला. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"तारीख हवी आहे, वेस. दोघांची एकच."

"तू गेलीस तीच घाल ना. २००३. मग काही भरावं लागत नाही म्हणतेस."

"तेव्हा आपण वेगळे झालो नव्हतो. त्या ख्रिसमसला तू आलास. त्याच्या पुढच्याही. सिंकची तोटी तू बसवलीस."

"आर्लीन, ते सरकारला सांगायचंय, पाद्रीला नाही."

"शपथेवर आहे. २००३ खोटं आहे."

"बरं. मग खरं काय आहे?"

मला ते माहीत नव्हतं. मी खरंच शोधत होते. अशा गोष्टीला तारीख असते असं मला वाटत नव्हतं. काचेवरचा डाग हळूहळू उडतो. कोणत्या दिवशी उडाला ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "तू आई गेल्यानंतरची कुठलीतरी म्हणशील तर—"

"दोन मे," तो म्हणाला. "२०१०. दोन मे."

"दोन मे का?"

"ट्रक भरला होता मी. माझी हत्यारं, आईची कॉफीची किटली, कपडे. टॉर्स्टीला किल्ली देऊन निघालो होतो. चार तास खाली, ग्रीन बेपर्यंत आलो, पेट्रोलपंपावर थांबलो. रविवार होता, म्हणून तुला फोन केला. तुला वाटलं घरूनच करतोय."

"तू सांगितलं नाहीस."

"सांगणारच होतो. तू आधी म्हणालीस, काय भयंकर गरम होतंय, मे महिन्यात इथे शहाणा माणूस येत नाही. मग म्हणालीस की मागच्या खोलीत बाटल्यांची खोकी भरलीत, पाय ठेवायला जागा नाही. मला वाटलं, बाईचं सगळं नीट लागलंय. कशाला."

"मग?"

"मग पेट्रोल भरलं होतंच. परत आलो."

मला ते बोलणं आठवत नव्हतं. उन्हाळ्याबद्दल मी दर वर्षी दर रविवारी तेच बोलत असणार. फोन ठेवल्यावर मी त्या वर्षाची वही काढली. दोन मे, सकाळचे दहा. पारदर्शकता दोन पूर्णांक एक दशांश मीटर. वारा नैर्ऋत्येचा, हलका. तिन्ही बाटल्या भरल्या. त्याखाली कोरी जागा.

पुढच्या दोन रविवारी आम्ही त्याच तारखेवरून भांडलो. भांडण म्हणजे आमचं भांडण. आवाज कुणाचा चढला नाही. तो म्हणायचा, २००३ लिही, वेडेपणा करू नकोस. दोन मे लिहिलं तर २००५ ते २०१०, सहा वर्षांची पट्टी तुझ्या बोडक्यावर बसेल, आणि व्याज जुन्यावरच जास्त असतं. बरोबर होतं. बावीस हजार सहाशे पंधरा होत होते. मी त्याला तो आकडा सांगितला.

"म्हणजे बावीस हजार देणार तू. कशाचे?"

"सहा वर्षांचे."

"ती वर्षं तशीही गेलीच की, आर्लीन."

"मी त्यांना नव्हतीच असं लिहिणार नाही."

मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा त्याचं शपथपत्र टपालाने आलं. लोइसचा शिक्का होता. रेघेवर त्याच्या तिरक्या अक्षरात: दोन मे, २०१०. पुढे थोडी जागा उरली होती, तिथे त्याने स्वतःहून लिहिलं होतं: *पत्नीला कळवलेलं नव्हतं.*

मिसेस गॅड्सडेननी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे मजकुरात बसत नाही खरं तर. वर पाठवलं तर कुणी विचारेल. खोडून पुढे आद्याक्षरं घातली तर चालतं."

"राहू दे."

"आणि तारीख? तुम्हाला मी समजावलं होतं ना, मिस आर्लीन? माझं इंग्रजी वाईट नाहीये ना?"

"समजलं होतं मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का उचलला आणि दोन्ही कागदांवर मारला. "माझ्या आईला सांगितलं असतं तर तिने तुम्हाला घरी जेवायला बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "मी नुसती पावती देऊ शकते."

त्यांच्या खटपटीने पैसे भरायला आणखी तीस दिवस मिळाले.

माझ्याकडे सात हजार होते. उरलेल्यांसाठी पतपेढीत गेले. घर गहाण ठेवायचं, पंधरा वर्षांचे हप्ते. अकरा वर्षं ज्या घरावर बँकेला हात ठेवू दिला नव्हता, त्याच्यावर मी स्वतः कर्ज काढत होते. आपल्या हाताने केलेल्या गहाणाला ते संरक्षण लागू नसतं. मी निवृत्त झाले होते, पण हप्ता पेन्शनमधून भागत होता, मी पाहिलं होतं.

तिथली मुलगी तिशीची होती, नखं निळी. तिने भराभर सगळं भरलं आणि एका जागी थांबली.

"लग्न झालंय तुमचं?"

"हो. पण आम्ही स्वतंत्र कुटुंबं आहोत. काउंटीचा कागद आहे."

"ते पट्टीसाठी हो. पण घटस्फोट नाही ना? मग गहाणखतावर मिस्टरांची सही लागेल. राहतं घर आहे, जोडीदाराला न विचारता गहाण टाकता येत नाही. घर एकट्या तुमच्या नावावर असलं तरी." तिने हसून स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमच्याच संरक्षणासाठी आहे तसं. म्हणजे, त्यांच्या. यायला जमेल का त्यांना? नाहीतर पोस्टाने पाठवते, तिकडे नोटरीसमोर करतील."

मी म्हटलं, विचारून सांगते.

रविवारची वाट न बघता मी बुधवारी फोन केला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. पतपेढीला तुझी सही लागते. नवरा म्हणून."

"अजून आहे होय मी?" तो थोडा हसला. "पाठव. लोइसकडे जातो."

"पोस्टानेही चालतं."

"पोस्टानेही म्हणजे?"

"म्हणजे इथे येऊनही करता येते. ये, वेस. मार्च आहे, गरम नाहीये फारसं. मागची खोली मी रिकामी केली आहे."

खरं म्हणजे केली नव्हती. फोन ठेवल्यावर केली. सगळी खोकी पडवीत नेली, जमीन पुसली, गादीला ऊन दाखवलं.

फोनवर त्याने विचारलं होतं, "किती दिवस?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. फार दिवस राहिला तर आम्ही पुन्हा एक कुटुंब ठरलो असतो. "मला विचारावं लागेल," मी म्हटलं. "किती रात्री चालतात ते."

"विचार," तो म्हणाला. "विचार आणि सांग."

मी दुसऱ्या दिवशी खिडकी क्रमांक चारवर गेले. मिसेस गॅड्सडेन म्हणाल्या, "पाहुणा कितीही दिवस येऊ दे हो, कायद्यात रात्री मोजलेल्या नाहीत. आणि कायमचाच राहिला, तर एक अर्ज रद्द करायचा, एवढंच. त्याचा, नाहीतर तुमचा." त्या दिवशी घरी परतताना मी दोनदा चुकीच्या रस्त्याला वळले.

संध्याकाळी फोन केला तर उचलला नाही. शुक्रवारीही नाही. मी निरोप ठेवला: रात्री मोजलेल्या नाहीत.

पतपेढीने नियमाप्रमाणे कागदांची एक प्रत त्याला टपालानेही पाठवली होती, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्या निळ्या नखांच्या मुलीचा फोन आला. मिस्टरांचे कागद टपालाने पोचले, म्हणाली, सगळ्या पानांवर सह्या आहेत, फार व्यवस्थित आहेत हो ते. आता तुम्ही येऊन तुमच्या केल्या की झालं.

मी गेले. अकरा पानं होती. प्रत्येक पानावर खाली डावीकडे त्याची सही होती, उजवीकडची जागा माझी. एका पानावर घरमालकाशी नातं विचारलं होतं. तिथे त्याने लिहिलं होतं, नवरा. आधी काहीतरी दुसरं लिहून खोडलं होतं. मी कागद उजेडाकडे धरून पाहिलं, पण शाई फार गर्द गिरवलेली होती.

"काही अडचण आहे का?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी सही केली.